पातळी आणि पाळी

म्हैसूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंचीवर वसले आहे. शहराच्या वायव्येस सुमारे 20 किलोमीटरांवर कावेरी नदी अडवून केलेला कृष्णराजसागर हा प्रचंड जलाशय आहे. तो काठोकाठ भरला असता त्याच्या पृष्ठभागाची उंची सुमारे 752 मीटर भरते. या दोन आकड्यांत म्हैसूरच्या पाण्याची सारी अडचण सामावलेली आहे. नदी जवळ आहे, जलाशय विशाल आहे, परंतु शहर वर आणि पाणी खाली आहे. म्हणून नगरवासीयांच्या नळाला येणारे कावेरीचे पाणी पंपांनी उपसून चढवावे लागते. याच जलाशयातून निघणारे कालवे मात्र कोणत्याही यंत्राच्या साहाय्याविना मैलोन्‌मैल वाहत जाऊन मंड्या जिल्ह्यातील भाताची खाचरे भरतात.

पाणी उताराकडे धावते, हे सांगण्यास शास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. परंतु हा उतार कोठे राखावा, कोठे मोडावा आणि कोठे चुकवावा, हे ठरविणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. त्या विद्येचे दोन भिन्न प्रवाह इतिहासात दिसतात. एक नौकांसाठी कालवे खणणाऱ्यांचा. त्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील कालव्यांचे जाळे. दुसरा शेतीसाठी कालवे खणणाऱ्यांचा. त्याचे उत्तम उदाहरण म्हैसूरच्या परिसरात पाहावयास मिळते. दोहोंची तुलना केली असता कालवा म्हणजे काय, हे अधिक स्पष्टपणे कळते.

नौकेसाठी पाण्याचा जिना

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कारखाने वाढू लागले, तसा कोळसा वाहून नेण्याचा प्रश्न बिकट झाला. चिखलाच्या रस्त्यावरून घोड्याच्या पाठीवर थोडाच माल जाई. तोच घोडा काठावरून दोराने नाव ओढू लागला, की टनावारी कोळसा सहज नेऊ शके. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने वर्स्ले येथील आपल्या खाणींतून मँचेस्टरकडे कोळसा नेण्यासाठी जेम्स ब्रिंडली या स्थापत्यज्ञाच्या मदतीने कालवा बांधविला. 1761 साली त्यावरून नावा जाऊ लागल्या आणि मँचेस्टरमधील कोळशाचा भाव निम्म्यावर आला. पुढील सत्तर-ऐंशी वर्षांत त्या देशात कालव्यांचे दाट जाळे विणले गेले.

नौकेच्या कालव्याला स्थिर पाणी हवे असते. प्रवाह असेल तर नाव एका दिशेने आपोआप वाहत जाईल आणि परत येताना घोड्याची दमछाक होईल. म्हणून असा कालवा शक्य तेथवर सपाट ठेवतात. परंतु भूमी सपाट नसते; वाटेत टेकड्या येतात. अशा ठिकाणी नावेला वर चढविण्यासाठी ‘लॉक’ अथवा जलपाश बांधला जातो.

वाचकांनी दगडी भिंतींचा एक लांबट हौद कल्पावा. त्याच्या दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे आहेत. एका बाजूस वरच्या कालव्याचे पाणी आहे, दुसऱ्या बाजूस खालच्या कालव्याचे. खालून आलेली नाव हौदात शिरली, की तिच्यामागचे दार लावून घेतात. नंतर वरच्या दारातील लहान झडप उघडतात. वरचे पाणी हौदात येऊ लागते आणि पाण्याबरोबर नावही हळूहळू वर उचलली जाते. हौदातील पाणी वरच्या कालव्याच्या पातळीस आले, की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि तोवर चार माणसांना न हलणारे दार एका माणसाच्या रेट्याने उघडते. नाव पुढे निघून जाते. उतरावयाचे असल्यास हीच क्रिया उलट्या क्रमाने करतात. नाव कितीही जड असो, तिला उचलण्याचे सारे काम गुरुत्वाकर्षण करते. मनुष्याने केवळ दारे आणि झडपा उघडावयाच्या व मिटावयाच्या असतात.

ही युक्ती इंग्लंडची नव्हे. चीनमध्ये 984 साली च्याव वेइ-यो या अधिकाऱ्याने महाकालव्यावर दोन दारांचा जलपाश बांधविला होता. मिलान येथे पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो द विंचीने त्यात महत्त्वाची सुधारणा केली. त्याने प्रत्येक दाराची दोन पाखे केली आणि ती मिटल्यावर त्यांचा कोन वरच्या पाण्याकडे रोखलेला राहील अशी योजना केली. त्यामुळे पाण्याचा दाब जितका अधिक, तितकी पाखे एकमेकांवर घट्ट दाबली जातात. इंग्लंडमध्ये एक्झिटर येथे सोळाव्या शतकातच पहिले जलपाश झाले होते. ब्रिंडली आणि त्याच्या अनुयायांनी मात्र त्यांचा अक्षरशः जिना उभारला. डिव्हायझिस या गावाजवळ दोन मैलांत 29 जलपाश असून ते नावेला 237 फूट चढवितात. हे काम 1810 साली पूर्ण झाले.

जिन्याची ही प्रत्येक पायरी पाणी मागते. इंग्लंडमधील अरुंद जलपाशाची लांबी सुमारे 72 फूट व रुंदी 7 फूट असते. पातळीतील फरक 8 फूट धरला, तर एक नाव उतरताना 4,032 घनफूट, म्हणजे सुमारे 1 लाख 14 हजार लिटर पाणी वरून खाली जाते. कालव्याच्या माथ्यावरचे पाणी अशा रीतीने दोन्ही उतारांवर सतत ओसरत राहते. ते भरून काढण्यासाठी माथ्यालगत तलाव बांधावे लागले. तेही पुरेनात, तेथे पंप बसविले. केनेट व एव्हन या कालव्याच्या माथ्यावर पाणी चढविणारे क्रॉफ्टन येथील वाफेचे इंजिन 1812 सालचे असून ते आजही काही ठरावीक दिवशी चालवून दाखविले जाते. उन्हाळ्यात पाणी उणे पडले, की एकाच वेळी अधिक नावा सोडणे, जलपाश काही वेळ बंद ठेवणे, असे निर्बंध येत. मुबलक पावसाच्या त्या देशातही जलपाशाशी नावांना रांग लावून आपल्या पाळीची वाट पाहावी लागे.

पाण्यासाठी पाण्याची वाट

हाच हिशेब म्हैसूरकडील भूमीवर मांडून पाहावा. वर सांगितलेले 4,032 घनफूट पाणी एका एकरावर पसरले, तर त्याची उंची एक इंचाहून किंचित अधिक भरेल. भाताच्या एका पिकाला शेतात चार फूट पाणी लागते असे धरले, तर एका एकराचे पीक काढावयास अशा त्रेचाळीस हौदांचे पाणी हवे. जेथे पाण्याचा प्रत्येक इंच धान्याच्या तोंडी जावयाचा असतो, तेथे कालव्याची रचनाच वेगळी होते. शेतीच्या कालव्यात पाणी उभे राहून चालत नाही. ते शेवटच्या शेतापर्यंत वाहत गेले पाहिजे. उतार फार ठेवला तर प्रवाह तळ व काठ खरवडून काढतो. फार कमी ठेवला तर पाण्यातील गाळ तळाशी बसतो आणि कालवा भरून येतो. शिवाय उतारात जितकी उंची गमवावी, तितकी भिजणारी जमीन कमी होते. कारण कालव्याहून उंच असलेल्या शेताला त्याचे पाणी मिळत नाही. म्हणून असा कालवा टेकड्यांच्या कडेकडेने, मैलाला एक-दोन फूट इतकाच उतार राखीत, वळणे घेत जातो. त्याच्या एका बाजूस हिरवी शेते आणि दुसऱ्या बाजूस कोरडे माळ, असे दृश्य दिसते.

कावेरीच्या काठी ही विद्या जुनी आहे. नदीच्या पात्रात दगडी बंधारे घालून पाण्याची पातळी थोडी उचलावयाची आणि तेथून पाट काढावयाचा, ही पद्धत म्हैसूरच्या वडियार राजांच्या पूर्वीपासून चालत आली होती. चिक्कदेवराज वडियार (कारकीर्द 1673 ते 1704) यांचे नाव धारण करणारा कालवा आजही श्रीरंगपट्टणच्या परिसरात वाहतो. सतराव्या शतकातील मानला जाणारा बंगारदोड्डी कालवा तर कावेरीच्या एका फाट्यावरून जलसेतूने पलीकडे नेलेला आहे. ब्रिंडलीने बार्टन येथे अरवेल नदीवरून नावांचा कालवा नेला, तेव्हा लोक नदीवरची नदी पाहण्यास दुरून येत. श्रीरंगपट्टणच्या बेटावरील शेतकऱ्याला मात्र असे दृश्य नित्याचे होते.

परंतु म्हैसूर शहर या सर्व पाटांच्या वरच राहिले. 1799 नंतर राज्याचा कारभार पाहणारे दिवाण पूर्णय्या यांनी ही उणीव दूर करण्याचे मनावर घेतले. त्यांची कल्पना शास्त्रशुद्ध होती. शहराजवळची नदी खाली असेल, तर नदीच्या काठाने वर वर जावे. कोठेतरी तिचे पात्र शहराहून उंच असणारच. तेथे पाणी अडवून, नदीपेक्षा मंद उताराचा पाट काढला, तर तो शहरापर्यंत पोहोचेल. या पाटासाठी कित्येक मैल खोल खोदाई झाली, पण काम अपुरेच राहिले. कावेरीचे पाणी त्यातून शहरास कधी मिळाले नाही. पुढे 1864 साली झालेल्या कुक्करहळ्ळी तलावास पावसाचे पाणी आणून देण्यापुरता त्याचा उपयोग झाला आणि शहर वाढू लागले तशी त्याची वाटही जागोजाग अडली. पातळीच्या हिशेबावर उभ्या असलेल्या कामात अपुरे राहिलेले अंतर थोडे असले, तरी केलेल्या सर्व खोदाईचे फळ हातचे जाते.

पांझरेपासून कावेरीपर्यंत

या विद्येस म्हैसूरमध्ये पूर्णत्व देणारे स्थापत्यज्ञ मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची घडण महाराष्ट्रात झाली, ही गोष्ट मराठी वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून ते 1883 साली स्थापत्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढील वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. आरंभीच त्यांच्याकडे आलेले एक काम खानदेशातील पांझरा नदीवरचे होते. पाटाचे पाणी नदीपलीकडे न्यावयाचे, तर जलसेतूऐवजी नदीच्या तळाखालून नळ टाकून ते पलीकडे पुन्हा वर काढावयाचे, अशी ती योजना होती. यास ‘सायफन’ म्हणतात. नळाचे पलीकडचे तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा किंचित खाली असले, की मध्ये कितीही खोल उतरलेले पाणी आपणहून वर येते.

पुढे खडकवासला येथे त्यांनी 1903 साली स्वयंचलित दरवाजे बसविले. धरणाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जाई. धरणाची भिंत न वाढविता त्यातील काही पाणी साठवावयाचे, तर सांडव्यावर दारे हवीत. आणि पूर आला की ती तत्काळ उघडलीही पाहिजेत. रात्रीबेरात्री येणाऱ्या पुरापुढे माणसाच्या जागेपणावर विसंबणे धोक्याचे होते. म्हणून विश्वेश्वरय्यांनी दारांना प्रतिभार जोडले. तलावाचे पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले, की ते प्रतिभाराच्या कुंडात शिरते. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी होते, या आर्किमिडीजच्या नियमाने समतोल बदलतो आणि दारे उघडतात. पूर ओसरून कुंड रिते झाले, की दारे पुन्हा मिटतात. या योजनेने तलावाची पातळी सुमारे 8 फुटांनी वाढली. जलपाशाचे दार उघडण्यास मनुष्य लागतो. येथे ते काम पाण्यावरच सोपविलेले होते.

1909 साली विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि 1912 ते 1918 या काळात दिवाण. कावेरी, हेमावती व लक्ष्मणतीर्थ यांच्या संगमाखाली कण्णंबाडी येथे धरण बांधण्याचे काम 1911 साली महाराज कृष्णराज वडियार (चौथे) यांच्या कारकिर्दीत सुरू झाले. या योजनेमागे दोन हेतू होते. शिवसमुद्रम येथील जलविद्युत्केंद्र 1902 पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरवीत होते. उन्हाळ्यात नदी आटली की तेथे पाणी अपुरे पडे. दुसरा हेतू मंड्याकडील कोरडवाहू जमीन भिजविण्याचा. चुना व सुरखी यांच्या गाऱ्यात बांधलेले सुमारे 130 फूट उंचीचे आणि 8,600 फूट लांबीचे हे धरण विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले. त्यात सुमारे 49 अब्ज घनफूट पाणी मावते. जुने कण्णंबाडी गाव मात्र जलाशयात गेले. तेथील वेणुगोपाळाचे प्राचीन मंदिरही बुडाले. कित्येक दशकांनंतर ते नव्या जागी पुन्हा उभारण्यात आले.

धरणाच्या डाव्या तीरावरून निघणारा मोठा कालवा आरंभी व्हाइसरॉय आयर्विन यांच्या नावाने ओळखला जाई. पुढे त्यास विश्वेश्वरय्यांचे नाव देण्यात आले. याच्या मार्गात हुळिकेरे येथे डोंगर आडवा आला. वळसा घालावा तर वाट लांबते आणि उतारात उंची वाया जाते. म्हणून डोंगरातून सुमारे पावणेदोन मैलांचा बोगदा काढून पाणी सरळ पलीकडे नेले. योगायोग असा, की 1777 साली पुऱ्या झालेल्या इंग्लंडमधील हेअरकॅसल बोगद्याची लांबीही जवळजवळ एवढीच आहे. तेथे घोड्यासाठी वाट नसल्याने नावाडी उताणे निजून, भिंतींवर पाय रोवून नाव पुढे ढकलीत. हुळिकेरेत अशा कष्टांची गरज नाही. बोगद्याच्या तळाला उतार आहे आणि तेथून पाण्याखेरीज काहीच जावयाचे नाही.

एका कालव्याची दोन कामे

एकाच कालव्यातून शेतीही करावी आणि नावाही चालवाव्यात, असा विचार कोणी केला नाही काय? दक्षिण भारतात तो मोठ्या हिरिरीने केला गेला. सर ऑर्थर कॉटन हे या मताचे मोठे पुरस्कर्ते होते आणि गोदावरीच्या सपाट त्रिभुजप्रदेशात जलपाशांसह असे कालवे झालेही. त्याच उत्साहात मद्रास इरिगेशन कंपनीने तुंगभद्रेवर सुंकेसुला येथे बंधारा घालून कर्नूलपासून कडप्प्याकडे जाणारा, जलपाशांनी युक्त असा कालवा खणला. परंतु दख्खनच्या चढउताराच्या भूमीत कंपनीचा खर्च निघाला नाही आणि 1882 साली सरकारने तो कालवा आपल्या ताब्यात घेतला. नौकानयन पुढे मागे पडले, सिंचन टिकले. नावेला बारमाही उभे पाणी लागते. शेतीला पाळीपाळीने वाहते पाणी लागते आणि पिकांच्या मधल्या काळात कालवा कोरडा करून त्यातील गाळ काढावा लागतो. जेथे पाणी थोडे आहे तेथे या दोन गरजांचा मेळ बसणे कठीण आहे.

इंग्लंडमध्येही मालाच्या नावांचे दिवस सरले. आगगाडीने त्यांचा व्यवसाय हिरावला, 1948 साली बहुतेक कालवे राष्ट्राच्या मालकीचे झाले आणि 2012 पासून इंग्लंड व वेल्समधील सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग एक लोकोपयोगी न्यास सांभाळीत आहे. आज त्यांवर हौशी प्रवाशांच्या नावा फिरतात. मंड्याच्या कालव्यांच्या वाट्याला असे निवांत निवृत्तिजीवन येण्याची शक्यता नाही, कारण त्यांच्यावर लाखो लोकांचे अन्न अवलंबून आहे.

पाळीचा प्रश्न

पातळीचा प्रश्न सुटल्यावर पाळीचा प्रश्न उभा राहतो. कालव्याच्या मुखाशी असलेला शेतकरी हवे तेवढे पाणी घेऊ लागला, तर शेपटाकडील शेतकऱ्याच्या चारीत चिखलही उरत नाही. खानदेशात पांझरेच्या काठी या प्रश्नाचे उत्तर लोकांनी शतकानुशतके फड पद्धतीने दिले होते. बंधाऱ्याखालील सारी जमीन काही फडांत वाटावयाची, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, दरवर्षी पिके फिरवावयाची आणि पाणी सोडण्याचे काम शेताच्या मालकाकडे न ठेवता पाटकऱ्याकडे द्यावयाचे, असे या पद्धतीचे स्वरूप होते. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत सुरू केली, तिचे सूत्र याच जातीचे होते. कालव्याचे पाणी थोड्या गावांत न मुरविता अनेक गावांतील ठरावीक गटांना द्यावयाचे आणि प्रत्येक गटात उसाबरोबर कमी पाण्याची पिके फिरती ठेवावयाची. मंड्याच्या कालव्यावरही ऊस, भात आणि कमी पाण्याची पिके यांचा असाच फेरा योजण्यात आला. 1933 साली मंड्या येथे साखर कारखान्याची कंपनी स्थापन झाली आणि 1939 साली मंड्या हा स्वतंत्र जिल्हा झाला.

परंतु ऊस नगदी पैसा देतो आणि भात हे घरचे अन्न. ज्याच्या शेताशी पाणी आधी पोहोचते, त्याला कमी पाण्याच्या पिकाचे महत्त्व पटविणे कोणत्याही खात्याला सोपे गेलेले नाही. मोरीचे दार किती इंच उघडावे हे गणिताने सांगता येते. ते कोणासाठी उघडावे हे गणित सांगत नाही.

हाच वाद एका शेतावरून दुसऱ्या शेतापर्यंत जावा, तसा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला. 1892 साली म्हैसूर व मद्रास यांच्यात करार झाला, त्यान्वये नवी कामे करण्यापूर्वी म्हैसूरने खालच्या मद्रासची संमती घ्यावयाची होती. कण्णंबाडीच्या धरणास मद्रासने आरंभी केवळ 11 अब्ज घनफूट साठ्याची मान्यता दिली. म्हैसूरने मात्र पाया मोठ्या धरणाचा घातला. त्यावरून उठलेला वाद 1924 च्या कराराने तात्पुरता मिटला. 1990 साली न्यायाधिकरण नेमले गेले, 2007 साली त्याने निवाडा दिला आणि 16 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात फेरफार करून 740 अब्ज घनफूट पाण्यापैकी तमिळनाडूस 404.25, कर्नाटकास 284.75, केरळास 30 आणि पुदुच्चेरीस 7 अब्ज घनफूट वाटा ठरविला. उरलेले पाणी पर्यावरणासाठी व समुद्राकडे अपरिहार्यपणे जाणारे म्हणून बाजूस ठेवले. हे वाटे सर्वसाधारण पावसाच्या वर्षाचे आहेत. पाऊस उणा पडलेल्या वर्षी तूट सर्वांनी सोसावयाची असते, आणि वाद पेटतो तो त्याच वर्षी.

कृष्णराजसागराला भेट देणारा प्रवासी बहुधा वृंदावन उद्यानातील कारंजी पाहून परततो. डाव्या तीरावरून निमूटपणे निघणारा कालवा त्याच्या नजरेस क्वचितच पडतो. तेथून हुळिकेरेचा बोगदा ओलांडून ते पाणी मंड्या, मद्दूर आणि मळवळ्ळी या तालुक्यांत शाखांतून, वितरिकांतून व चाऱ्यांतून विभागत जाते. प्रत्येक फाट्यावर एक लहानसे लोखंडी दार असते आणि त्याच्या चाकाशी कोणीतरी उभा असतो. त्याने ते वेळेवर मिटले, तरच पुढच्या गावातील खाचरात रोपे लावता येतात.